तिशीत तपासणी : भीती घरच्यांची, निर्णय त्याचा

केदारखेड्यात आमच्या वस्तीत एक भाऊ आहे. वय तिशीच्या पुढे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण चार माणसांत बसला की तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, बोलणे चालू असताना उठून जातो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे सुरू झाला की कान दाबून विहाराच्या मागे जाऊन बसतो. कोणी त्याला घमेंडखोर म्हणते, कोणी खुळा. आम्हीही म्हटले आहे, हे आधी कबूल करतो.

मागच्या पावसाळ्यात त्याने मोबाईलवर स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची माहिती ऐकली. बहिणीला म्हणाला, "ताई, हे माझंच सांगतायत. मला तपासून घ्यायचंय." घरात वाद सुरू झाला. आई म्हणते, "एवढी वर्षं निघाली, आता कशाला? धाकटीचं लग्न व्हायचंय." ती तपासणी अजून झालेली नाही.

आईची भीती खोटी नाही. दुसऱ्यांनी मारलेले शिक्के आपल्या पिढ्यांनी सोसले आहेत. आणखी एक शिक्का कशाला, असे वाटणारच. पण घमेंडखोर आणि खुळा हे शिक्के त्याच्यावर आधीच बसले आहेत, तेही त्याला न विचारता. आता तो स्वतः आपल्या स्वभावाचे खरे नाव शोधतो आहे. त्याला अडवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

दुसरी शंका अशी की हा तर लहान मुलांचा आजार. स्वमग्नता हा आजार नाही. ती जन्मापासूनची मेंदूची वेगळी घडण आहे आणि ती आयुष्यभर राहते. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी लिहिले. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याने पुढे बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. मुले मोठी होतात. आपल्या पिढीत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते, एवढाच फरक.

तपासणीत काय करतात, याचीही धास्ती असते. यात सुई नाही, शॉक नाही. स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ बराच वेळ बोलतात, लहानपणाचे विचारतात : बोलायला कधी लागला, कसा खेळायचा, कशाने बिथरायचा. हे आईइतके कोणाला आठवणार? म्हणून आई सोबत असली तर बरे. "आता कशाला" म्हणत वर्षे घालवली, तर हे सांगणारे माणूसही राहत नाही.

निदान आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही समजून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दाखल्यासाठी आपल्या देशात ४० प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. ती मुख्यतः मुलांना समोर ठेवून केलेली आहे. त्यामुळे नीट बोलणाऱ्या, कमावणाऱ्या माणसाला डॉक्टर स्वमग्न म्हणतील, तरी टक्केवारी ४० च्या खाली येऊ शकते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आरक्षणाचा हक्क मिळतो. ते आडवे आरक्षण आहे. त्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. दाखला काढायचाच, अशी सक्ती कोणावर नाही.

लग्नाचे काय? डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. वस्तीत बातमी फुटते ती बहुधा आपल्याच तोंडून. तेव्हा आपण तोंड आवरावे.

जायचे कुठे? जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आधी चौकशी करावी. मोठ्यांची तपासणी तिथे होत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाण्याआधी बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारचा मोफत टेलिमानस क्रमांक आहे. एका खेपेत काम होईलच असे नाही. मजुरी बुडेल, भाड्याला पैसे लागतील. तो खर्च घराने मिळून उचलावा.

एक सावधगिरी. स्वमग्नता "पूर्ण बरी करतो" म्हणणारा डॉक्टर असो की बाबा, त्याच्या दारात उभे राहू नका. असे औषध नाही. सोबतची चिंता, झोप न लागणे, खचलेले मन यांवर मात्र उपचार आहेत, आणि ते घ्यावेत.

डॉक्टर "हे स्वमग्नता नाही" असेही म्हणतील. तरी त्याचा त्रास खरा आहे, आणि त्याचे कारण पुढे शोधता येईल. तपासणीला जायचे की नाही, हे तोच ठरवील. आमच्या हाती एवढे आहे : त्याला खुळा म्हणणे आजपासून बंद, आणि पुढच्या १४ एप्रिलला विहाराजवळ डीजेचा आवाज कमी. त्यासाठी कोणाच्या दाखल्याची गरज नाही.