उंदराचं यकृत आणि आपली हळद

प्रयोगशाळेत उंदरांना पाण्यातून शिशाचा क्षार पाजतात. काही आठवड्यांनी त्यांच्या रक्तात एसजीपीटी, एसजीओटी ही एन्झाइम्स वाढलेली दिसतात. काविळीच्या रिपोर्टवर आपण वाचतो तीच ही नावं! यकृताच्या पेशींना इजा झाली, की ती रक्तात उतरतात.

मंडळात हे सांगितलं, तर बायका म्हणतात, "उंदरांचं आपल्याला काय?" अहो, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोपडतात, त्यातही शिसंच! लहान मुलांच्या मेंदूला तर ते थोडंसुद्धा बाधतं. आणि दूध-हळद आपण त्यांनाच आग्रहाने पाजतो.

हळकुंडं आणून दळली म्हणजे झालं, असंही नाही. तीसुद्धा रंगवतात. माझं मत विचाराल, तर दुकानात रंगाला भुलण्याआधी हळकुंड बोटांनी चोळून बघावं. रंग भसाभस हाताला लागला, तर परत ठेवावं.