गटारातला मृत्यू मोजला जातो, फुफ्फुसातला कोण मोजणार?

मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार गुदमरून मेला की बातमी होते, मोर्चा निघतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. ती सहजासहजी हातात पडत नाही. पण निदान मागायला एक आकडा आणि मृत्यूची एक तारीख असते.

कचऱ्याच्या गाडीवरच्या मोटर लोडरला अशी तारीखच नसते. पंधरा वर्षे ओला कचरा उचलला, खोकला वाढत गेला, टीबी निघाला, कंत्राटदाराने नाव कमी केले. वस्ती म्हणते, दारूने गेला. (दारू असतेही. ती का लागते, हा वेगळा विषय.) दगडखाणीतल्या कामगाराचेही तेच. सिलिकोसिस झालेला असतो आणि कागदावर नुसता टीबी लिहिला जातो, कारण खोकला, दम, वजन घटणे दोन्हींत सारखेच.

कायदा मात्र या आजारांना ओळखतो. कामामुळे जडलेला आजार म्हणजे अपघातच, हे 1923 च्या भरपाई कायद्यातच होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टातही ती यादी आहे: सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, आणि संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार. सफाईच्या कामात असा धोका नाही, असे कोण म्हणेल? कामगार कंत्राटी आहे म्हणून पालिकेची जबाबदारीही संपत नाही. पगारातून ईएसआय कापली जात असेल, तर दावा तिकडे करायचा.

ईएसआयची पायाभरणी करणारा अडारकर अहवाल 1944 मध्ये आला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. जयंतीच्या बॅनरवर आपण हे अभिमानाने लिहितो. स्वतःचा ईएसआय नंबर मात्र वस्तीत किती जणांना ठाऊक आहे?

दावा अडतो तो पुराव्यावर. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. काम काय करता, हे क्वचितच. सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरांना ते लिहायला लावले पाहिजे: किती वर्षे, कोणते काम, कोणत्या चौकीवर. हजेरीचा फोटो, ओळखपत्र, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे हे सगळे माणूस कामावर असतानाच जमवून ठेवायचे. एकदा नाव कमी झाले की मुकादम ओळखसुद्धा दाखवत नाही.