मगरिबच्या आत कोंबड्या घरात

"भाभी, खुराडं बांधून महिना झाला. कोंबड्या मात्र बसतात शेजारच्या कडुनिंबावर. आता तुम्हीच या."

हिंगण्याहून धाकट्या नणंदेचा हा फोन आला तेव्हा मला आधी हसू आलं, मग पुढचं ऐकून ते विरलं. तिच्या नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी गेल्यापासून अंड्यांचे पैसे मुलीच्या शिकवणीला लागतात. तिनं अठरा पाखरं घेतली होती, बारा गावरान तलंगा आणि सहा वनराज. त्यांतल्या दोन गावरान एका रात्रीत गेल्या. सकाळी झाडाखाली नुसती पिसं होती. रानमांजराचं काम. पण तिचं खरं दुःख वेगळंच होतं. कडुनिंब शेजारच्या काकूंच्या अंगणात आहे आणि त्याच्या बरोबर खाली त्यांचं तुळशीवृंदावन. रोज पहाटे काकू अंघोळ करून येतात ते कोंबड्यांची घाण धुवायला. वीस वर्षं त्या भिंतीवरून ईदचा शीरखुर्मा तिकडे जातो, दिवाळीचा फराळ इकडे येतो. काकू अजून काही बोलल्या नव्हत्या, पण आठ दिवसांत त्यांनी भिंतीजवळ येऊन हाकही मारली नव्हती.

म्हणून मी गेले. एप्रिलचे दिवस होते. पहिल्या संध्याकाळी काहीच केलं नाही. असरची नमाज झाली आणि अंगणात खाट टाकून नुसती बघत बसले. कोंबड्या घरात का येत नाहीत, हे विचारायचं तर कोंबड्यांनाच विचारावं लागतं.

ऊन उतरल्यावर त्या घाईघाईनं दाणे टिपू लागल्या. सूर्य खाली गेला तशी त्यांची चुळबुळ वाढली. माना उंच करून वर बघणं, दोन पावलं जाणं, परत येणं. कोंबडीचे मूळ पूर्वज म्हणजे जंगलातले रानकोंबडे, आणि ते रात्री झाडावर बसतात. अंधारात कोंबडीला फार कमी दिसतं. म्हणून दिसेनासं होण्याआधी उंच जागा गाठायची, ही तिची उपजत घाई असते. बाजारातून आणलेल्या गावरान तलंगा कुणाच्या तरी अंगणात, झाडाझुडपांत वाढलेल्या. त्या भिंतीवर चढल्या आणि तिथून फांदीवर. वनराजांचं निराळंच. ती पिल्लं अंडी उबवणी यंत्रातून आलेली, दिव्याच्या उबेत वाढलेली. आईच्या पंखाखाली झोपलेली नाहीत, आईमागून दांडीवर चढलेली नाहीत. ती सहाजणं ओसरीच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसली. अशा ढिगाऱ्यात खालचं पाखरू गुदमरून मरतं, हे ज्यांनी पिल्लं पाळली त्यांना माहीत आहे. सरकारी योजनेतून किंवा उबवणी केंद्रातून पक्षी घेतलेल्या बऱ्याच बहिणींचा अनुभव हाच असेल. पक्षी अडाणी नसतो, त्याला शिकवायला कुणी नव्हतं.

मग मी उठून खुराड्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. वर उघडा पत्रा, तोंड पश्चिमेला. मगरिबच्या वेळी आत भट्टी. आपल्या नागपूरकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि ऊन असेपर्यंत पत्रा तापलेलाच असतो. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा पंखा. अशा जागेत ती पायानं चालत कशाला जाईल? शिवाय आत बसायला दांडी नव्हती, नुसती जमीन. आणि बाहेर गल्लीतला नवा एलईडी दिवा नेमका त्या भिंतीवर पडत होता. संध्याकाळी खुराडं अंधारी गुहा दिसे आणि भिंत लख्ख. आपण तिच्या जागी असतो तर भिंतच धरली असती.

नणंद म्हणाली, "म्हणजे चूक आमचीच?" मी म्हटलं, सुताराची थोडी, तुझी थोडी.

दुसरा दिवस दुरुस्तीत गेला. पत्र्यावर पऱ्हाटीच्या काड्या आणि त्यावर तणसाचा जाड थर, वाऱ्यानं उडू नये म्हणून सुतळीनं बांधलेला. वरच्या बाजूला दोन्हीकडे वीतभर फळ्या काढून बारीक जाळी मारली, म्हणजे गरम हवा निघून जाईल पण मांजराचा पंजा जाणार नाही. जाळी मोठ्या भोकांची घेऊ नका. मांजर पंजा घालून झोपलेली कोंबडी ओढते. आत दांड्या लावल्या. लोक गोल बांबू लावतात, पण बोटं पूर्ण आवळावी लागणार नाहीत अशी दोन इंच रुंदीची, कडा तासलेली पट्टी बरी. कोंबडी बसली की पायाच्या शिरा ताणून बोटं आपोआप मिटतात, म्हणून ती झोपेत पडत नाही. पट्टी रुंद असली तर पोटाखाली बोटं झाकली जातात आणि थंडीतही ती सुखानं बसते. एका पाखराला आठ-दहा इंच जागा हवी. गावरानांसाठी अडीच-तीन फुटांवर, वनराजांसाठी फूटभर खाली दुसरी पट्टी, कारण त्यांचं अंग जड. उंचावरून उडी मारून त्यांचे पाय दुखावतात. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावू नका, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर वरच्यांचा प्रसाद. आणि अंडी घालायची खोकी पट्ट्यांपेक्षा खाली ठेवा. खोकं उंच असलं तर त्यातच झोपतील आणि अंडी घाण होतील.

इशानंतर पकडापकडी. हे काम दिवसा करू नये. सगळा मोहल्ला तमाशा बघतो आणि कोंबड्या आठवडाभर माणसाला भितात. अंधारात त्या शांत बसतात. भाच्यानं शिडी लावली, मी खालून टॉर्च धरला, आणि फांदीवरून एकेक उचलून थेट खुराड्यातल्या पट्टीवर ठेवली. जमिनीवर नाही, पट्टीवरच. मग दार बंद, बिस्मिल्लाह म्हणून.

यानंतर सात दिवस कोंबड्या बाहेर सोडल्या नाहीत. खुराड्यापुढे जुनी जाळी ताणून, वर गोणपाट टाकून चार हात अंगण दिलं, दिवसा तिथे, रात्री आत. सासूबाईंना हे पटेना. "जिबह करायच्या असल्यासारख्या कोंडता कशाला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचंही बरोबर होतं. गल्लीत नको ते टिपणारी कोंबडी कापण्याआधी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणा घालायची रीत आपल्या घरांत जुनी आहे, हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्यापासून ती सांगितली जाते. आमचं कोंडणं वेगळं, घर ओळखण्यासाठीचं. पण कोंडलं की जबाबदारी दुप्पट होते. मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्याला पाठ असते आणि उन्हाळ्यात खुराड्यातल्या पाण्याची वाटी कोरडी असते. मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून तीनदा ताजं पाणी, सावलीत, हे मी भाचीकडे सोपवलं. तिनं वेळा नमाजला जोडून घेतल्या, जोहर चुकत नाही तसं पाणीही चुकलं नाही.

रोज अंधार पडला की वनराजांना उचलून पट्टीवर ठेवायचं. पहिल्या रात्री सहापैकी पाच परत उतरून कोपऱ्यात ढीग करून बसली. परत उचलली. कंटाळवाणं काम आहे, आणि खरं शिकवणं एवढंच आहे. चौथ्या रात्री तिघं आपली आपण चढली. शेजारी गावरान बसलेल्या बघून, असं मला वाटतं. तुमच्याकडे एखादी वयस्क, रोज खुराड्यात जाणारी कोंबडी असेल तर नव्या पाखरांत ती सोडा. अशी एक उस्तानी आपल्या दहा हातांचं काम करते.

आठव्या दिवशी सोडल्या, पण सकाळी नाही. मगरिबच्या तासभर आधी, आणि त्या दिवशी दुपारचा दाणा न देता. भुकेली कोंबडी लांब जात नाही. सूर्य टेकायला आला तेव्हा नणंदेनं डब्यात ज्वारी खडखडवली, "आ आ आ" केलं, आणि दाणे खुराड्याच्या आतच टाकले. आतल्या बाजूला एक छोटा दिवा पंधरा-वीस मिनिटं लावला, ओसरीचा मात्र बंद ठेवला. गल्लीतला दिवा आपल्या हातात नव्हता, म्हणून भिंतीच्या त्या टोकावर बोरीचे काटे ठेवले. रात्रभर दिवा ठेवू नका. झोप मोडते आणि दिव्यावर किडे, किड्यांवर पाली येतात.

त्या संध्याकाळी सोळातल्या अकरा आत आल्या. पाच काट्यांच्या पलीकडून भिंतीवर गेल्या, त्यांना अंधारात उतरवलं. पुढचे दिवस हेच, रोज थोडं लवकर सोडत. घड्याळाची वेळ मात्र ठरवू नका. कोंबडी सूर्य पाळते. आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळतं, जूनअखेरीस जवळजवळ सात वाजतात. मगरिबच्या अजानचं वेळापत्रक भिंतीवर असतंच, त्याच्या अर्धा तास आधी डबा वाजवायचा. संध्याकाळ झाली की मुलांना घरात घ्यावं, अल्लाहचं नाव घेऊन दारं लावावीत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून पाळतो. त्यातच एक दार वाढवायचं.

रमजानात सांभाळा. माझ्या स्वतःच्या घरी एका वर्षी पहिल्याच रोज्याला इफ्तारीच्या गडबडीत खुराड्याची कडी लावायची राहिली. तरावीहहून सगळे परतेपर्यंत चार कोंबड्या गेल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे कडी आधी, खजूर नंतर.

काहीजणी एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापतात, म्हणजे उडता येत नाही. दुखत नाही हे खरं, आणि पिसं गळून नवी आली की परत कापावी लागतात. पण मला ते आवडत नाही. घर न शिकलेली आणि झाडावरही चढू न शकणारी कोंबडी रात्री कुत्र्याच्या तोंडी जाते. कापायचीच असतील तर आत यायला लागल्यावर कापा.

आणि रोज आत जाणाऱ्या कोंबड्या एके दिवशी दाराशीच अडल्या, तर त्यांना हुसकत आत ढकलू नका. आधी रात्री टॉर्च घेऊन पट्टीच्या खालच्या फटी बघा. तांबडे बारीक किडे दिवसा त्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. खुराडं रिकामं करून फटींसकट चुना मारायचा, जुना भुसा जाळायचा, राख अंगणात एका खड्ड्यात ठेवायची, कोंबड्या त्यात लोळतात. किडे नसतील तर साप किंवा घूस येऊन गेली असेल. पाखरू उगाच घर सोडत नाही.

आत झोपण्याचा आणखी एक फायदा आता आपल्या भागात तरी सगळ्यांनी लक्षात घ्यावा. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यातल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. हा रोग रानपाखरांच्या विष्ठेतूनही पसरतो. कावळ्या-बगळ्यांच्या फांदीखाली रात्र काढणारी कोंबडी आणि वर छप्पर असलेली कोंबडी यांत फरक आहे. एकदम दोन-चार पक्षी मेले तर ते कापू नका, फेकू नका, गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीची लस टोचून घेण्यासाठीही तिथेच जायचं आहे.

निघण्याआधी नणंदेनं अंड्यांची पहिली टोपली भिंतीवरून काकूंना दिली. काकू अंडी खात नाहीत, हे तिला माहीत होतं, पण त्यांचा नातू खातो. काकूंनी टोपली घेतली आणि म्हणाल्या, "माझं वृंदावन आता सकाळी कोरडं असतं गं."

परवा फोन आला. पंधरा आपल्या आपण आत जातात. एक ठिपक्यांची गावरान अजून भिंतीवरच बसते. भाचा रोज इशानंतर तिला उतरवतो, आणि त्याला उशीर झाला तर काकूच पलीकडून हाक मारतात, "तुमची ती एक राहिली बरं का!"