आधी पाणी, मग पायवाट

कल्याणला नात्यातल्या लग्नाला गेलेल्या साक्रीच्या आम्ही नऊ जणी दुसऱ्या दिवशी माथेरानला चालायला गेलो. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे मोटारींना बंदी. तिथून छोट्या रेल्वेच्या कडेकडेने, झाडीतून, लाल मातीच्या वाटेने निघालो. ही रेल्वे १९०७ सालची, रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट.

“रोज शेतात चालताच ना, मग पैसे घालवून चालायला कशाला?” असं घरी विचारलं गेलं होतं. पण कांदे लावताना, कापूस वेचताना बाई मुकादमाच्या वेळेने चालते. डोक्यावर ओझं नाही, मागे हाकणारं कोणी नाही, दमलं की बसायचं, असं चालणं आमच्यातल्या बहुतेकींना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. त्याचाही शरीराला आणि मनाला उपयोग असतो.

दुपारी मात्र साठीतल्या एका आक्कांना चक्कर आली. जीभ कोरडी, नाडी जलद. पिशवीतली पाण्याची बाटली भरलेली तशीच. का प्यायल्या नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, “पानी पिसू ते मंग जासू कोठे?” सावलीत बसवून ओआरएस घोट घोट पाजलं, तेव्हा हळूहळू सावरल्या. चूक त्यांची नव्हती. डबे, चपला, टोप्या सगळं आम्ही मोजलं होतं. वाटेत शौचालय कुठे आहे, हे कोणीच विचारलं नव्हतं. आमच्यात नर्सिंग केलेल्या असूनही!

१९०१ साली मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाने, भावाने आणि भाच्यांनी सोबत जेवण असूनही पाण्याविना रात्र काढली. तेव्हा पाणी दुसऱ्यांनी नाकारलं होतं. आज बाटली आपल्याच हातात असते आणि आपल्या बायका स्वतःच ती नाकारतात, कारण आडोसा नसतो. वाफेच्या इंजिनालाही वाटेत पाणी लागायचं, म्हणून त्याची सोय आधी केली जायची. माणसाची का नाही?

पाणी न पिणं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवणं, यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं ही सुरुवात. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखणं म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता डॉक्टर गाठावा. गरोदर आणि मधुमेही भगिनींनी तर पहिल्या जळजळीलाच तपासून घ्यावं. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

आमचं म्हणणं साधं आहे. सहल असो, मोर्चा असो की अभिवादन यात्रा, वर्गणी गोळा करणाऱ्याने आधी वाटेतली शौचालयं मोजावीत, दर दोन तासांनी थांबा ठरवावा, आणि तो माईकवरून न लाजता सांगावा. हे ठरवणाऱ्या समितीत बायका असाव्यात. रुळांवरून मात्र कोणी चालू नये. ते धोक्याचं आहे आणि गुन्हाही.

आक्का पुढच्या वेळी येणार आहेत. अट एकच: थांबे आधी सांगा.