वर्गातला छळ ही मस्करी नव्हे!

'वकील साहेब, शाळेचं नाव काढलं का पोराचं पोट दुखते जी!' सडक अर्जुनी तालुक्यातला एक बाप आमच्याकडे हे गाऱ्हाणे घेऊन आला. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, दोष सापडेना. शेवटी पोरगा बोलला. वर्गातली टोळी त्याला 'स्कॉलरशिपवाला' म्हणून चिडवते, वह्या लपवते, मधल्या सुट्टीत सोबत बसू देत नाही. गुरुजी म्हणाले, 'पोरं आहेत, मस्करी करतात.'

ही मस्करी आम्ही ओळखतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातली मुले धावली होती. शिक्षकांनी बोलावले, अपमान केला तो सोबत्यांनी. बाबासाहेब त्यातून उभे राहिले, म्हणून आपल्या प्रत्येक लेकराने मुकाट सोसावे, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईच्या नायर रुग्णालयातली आदिवासी डॉक्टर पायल तडवी घरच्यांना छळ सांगत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. पण पायल परत आली नाही.

रोजच्या भीतीने वाढत्या वयात झोप उडते, भूक मरते, डोके-पोट दुखते. अभ्यासातून मन उठते, आणि पुढे जीव नकोसा होतो. हे दुखणे खरे असते, बहाणा नसतो. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस अशाच छळापायी तीन मुलांनी आत्महत्या केल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम उघडली.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा चिडवणे, शिवीगाळ, धमकी आणि थट्टासुद्धा रॅगिंगच मानतो. तो फक्त मेडिकल-इंजिनिअरिंगपुरता नाही. वसतिगृहही त्यात येते. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने दुर्लक्ष केले, तर तोही मदतगार ठरतो. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था असावी, असे बजावले आहे. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत हा समुपदेशक आहे, हे पालकांनीच जाऊन विचारावे.

छळणारेही लेकरूच असते. त्याला कोठडीत धाडणे हा आमचा हेतू नाही. पण त्याच्या तोंडातला 'स्कॉलरशिपवाला' हा शब्द घरातून येतो, हे त्याच्या आईबापाला सांगावेच लागेल.

समाजबांधवांनो, तोंडी तक्रार करून परतू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. विहारात रविवारी मुले जमतात, तिथे त्यांना बोलते करा. १०९८ हा बालकांचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक तिथल्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि लेकरू 'पोट दुखते' म्हणाले, तर रागावण्याआधी त्याला विचारा, 'बाळा, शाळेत कोण त्रास देते?'