उतरन नको, इस्त्रीचा शर्ट द्या

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी गरिबांसाठी कपडे गोळा केले. मी मास्तर, म्हणून निवडायला मला बसवलं. तीन गोणी भरल्या होत्या. बटणं तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी, हळदीचे डाग पडलेले कुर्ते, कुणाच्या तरी निकाहातली चमचमती शेरवानी. एका पिशवीत तर चक्क फरशी पुसायच्या लायकीचे बनियन. ऑफिसात घालून जाता येतील असे शर्ट निघाले फक्त दोन! देणारे मात्र खुशीत होते. कपाट रिकामं झालं, वर सवाबही मिळाला.

मी विचारतो, हा सदका होता की घराची साफसफाई?

अंगावरून उतरलेल्या कपड्याला आपण उतरन म्हणतो. ती देताना आपल्याला लाज वाटत नाही. सूरह बकराच्या २६७व्या आयतीचा आशय मात्र स्पष्ट आहे: जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण डोळे मिटूनच घेऊ, अशी वाईट वस्तू वेचून अल्लाहच्या मार्गात देऊ नका. ही आयत आपण तकरीरीत ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन नेमकी तीच वस्तू वेचतो.

दुसऱ्यांवर बोट ठेवण्याआधी माझा गुन्हा सांगतो. मी भिवंडीत शिकवतो. इथे रात्रंदिवस लूम चालतात, ग्रे कापडाचे तागे ट्रक भरभरून बाहेर जातात. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी इशाच्या नमाजनंतर दारात उभा राहिला. वडील लूमवर, घरातला हा पहिला बी.कॉम. दुसऱ्या दिवशी ठाण्याला हिशेबाच्या कामासाठी मुलाखत होती. खाली मान घालून म्हणाला, "सर, एक शर्ट मिलेगा क्या? कल शाम को वापस कर दूँगा." ज्याच्या बापाने उभं आयुष्य कापड विणलं, त्याच्याकडे मुलाखतीला शर्ट नव्हता.

माझ्या कपाटात दोन शर्ट होते. एक नवा पांढरा, दुसरा कॉलर विरलेला निळा. मी निळा दिला. नवा मला शाळेच्या तपासणीला लागणार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने शर्ट धुऊन, इस्त्री करून परत आणला. म्हणाला, "सर, पूरे टाइम हाथ कॉलर पे ही जा रहा था."

नोकरी मिळाली नाही. ती शर्टामुळेच गेली असं मी म्हणणार नाही. पण ज्या वेळी त्याचं सगळं लक्ष प्रश्नांवर असायला हवं होतं, त्या वेळी ते कॉलरवर होतं, आणि ती कॉलर माझी होती.

काही मित्र म्हणतात, "माणसाची पारख कपड्यांवरून करणारी व्यवस्थाच चुकीची आहे, ती बदला." मान्य! जरूर बदलू. पण त्या मुलाची मुलाखत सोमवारी आहे. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमध्ये ३ टक्के आहेत. हा आकडा आपण प्रत्येक सभेत सांगतो. सभा संपल्यावर शेजारच्या गल्लीतल्या पदवीधराकडे बंद बूट आहेत का, हे विचारतो का?

दुसरे म्हणतात, "ईदला सगळ्यांना नवे कपडे मिळतातच की." मिळतात, पण पठाणी घालून कुणी हिशेबाच्या नोकरीच्या मुलाखतीला जात नाही. तिसरे म्हणतात, "रोख पैसे द्या." द्या, चांगलंच आहे. पण ज्या घरात भाडं थकलंय, तिथला पोरगा त्या पैशांतून स्वतःला बूट घेईल असं वाटतं तुम्हाला?

न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली नॅन्सी लुब्लिन या तरुणीने पणजोबांकडून वारशाने मिळालेल्या ५,००० डॉलरमधून 'ड्रेस फॉर सक्सेस' सुरू केलं. तिथे गरजू स्त्रीला मुलाखतीसाठी कपडे मिळतात आणि नोकरी लागल्यावर पुन्हा मिळतात, कारण पहिला पगार यायला वेळ लागतो. आपल्याकडे अंशु गुप्तांनी १९९९ साली सुरू केलेली 'गूंज' गावकऱ्यांना कपडे भीक म्हणून देत नाही, गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा विचार दोन्हीकडे आहे. खुद्दारीवर इतकं बोलणाऱ्या आपल्या समाजाला तो सुचू नये?

काम अवघड नाही. मशिदीच्या खोलीत, शाळेत किंवा वाचनालयात एक कपाट ठेवा. त्यात साधे शर्ट, पँटी, पट्टे, काळे बूट असू द्या. मुलींसाठी नीट शिवलेले सलवार-कुर्ते ठेवा. स्कार्फ बांधायचा की नाही हे तिचं ती ठरवेल, देणाऱ्याने अटी घालू नयेत. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, मापाची चिठ्ठी लावलेलं हवं. मोहल्ल्यातल्या टेलरभाईंना सांगा, लांबी-रुंदी ते करून देतील. मुलाला आपल्या हाताने निवडू द्या. आणि अल्लाहच्या वास्ते, फोटो काढू नका!

आणखी एक. कपडे कायमचे द्या. जकातीतून देणार असाल तर हनफी उलेमांच्या मते घेणाऱ्याला त्या वस्तूचा मालक करावं लागतं. "वापरून परत आण" म्हणाल तर ती जकात नव्हे.

तो निळा शर्ट मी परत घेतला, ही माझी दुसरी चूक. आता तो मुलगा पुन्हा अर्ज करतोय. पांढरा शर्ट मी त्याला नेऊन दिला आहे. पुढच्या तपासणीला मी निळाच घालीन. साहेबांनी कॉलरकडे पाहिलं तर पाहू दे, माझी नोकरी पक्की आहे.

तुमच्या कपाटात असा पांढरा शर्ट आहे का? मग तोच द्या.