टाकीखालची टाकी

मुंबई-पुण्याकडील वाचकांस 'संप' हा शब्द ऐकताच गिरणीचे बंद दार आणि रस्त्यावरील मोर्चा आठवतो. आम्हां हैदराबादकरांना मात्र त्याच शब्दाने अंगणातील लोखंडी झाकण आठवते. त्या झाकणाखाली जमिनीत बांधलेला हौद असतो. नळाला येणारे पाणी प्रथम या हौदात उतरते आणि मग पंपाने गच्चीवरील टाकीत चढते. इंग्रजीतून आलेला हा शब्द आमच्या बोलण्यात इतका मुरला आहे की, "संप भरला का?" हा प्रश्न प्रातःकाळच्या चहाइतकाच नित्याचा झाला आहे. आज आम्ही ज्याविषयी लिहिणार आहोत तोही एक संपच. परंतु तो अंगणातला नव्हे, तर घरात मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीखाली ठेवावयाचा. घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात आम्ही त्याला 'तळटाकी' असे म्हणू.

मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना काचेआडचे मासे दाखविले, आणि तसेच काहीतरी आपल्या घरी असावे अशी हौस त्यांच्या मनात पेरली. हौस वाईट नाही. वाईट आहे तो तिचा क्रम. आपण प्रथम मासे आणतो, मग त्यांच्यासाठी टाकी शोधतो, आणि मासे मरू लागले म्हणजे गाळणीचा विचार करतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा क्रम अगदी उलटा असला पाहिजे. प्रथम तळटाकी, मग वरची टाकी आणि सर्वांत शेवटी मासे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये असे आपण म्हणतो. मग माशाला आपल्या पाण्यात आणून त्याच्याशी वैर करणे कितपत योग्य आहे?

टाकीतले पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते शुद्ध असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे रात्रंदिवस अमोनिया बाहेर टाकीत असतो. त्यात त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून भर पडते. नदीत वा तलावात हे विष विरून जाते. चार भिंतींच्या काचेत ते साचत राहते, आणि डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. निसर्गाने यावर योजलेला उपाय म्हणजे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे काही त्या नायट्राइटचे तुलनेने पुष्कळच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जीवाणू वेगळे करून त्यांचे कार्य विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. त्यांना राहावयास पृष्ठभाग हवा, आणि अंगावरून सतत वाहणारे, प्राणवायुयुक्त पाणी हवे. या दोन्ही गोष्टी ऐसपैस मिळण्याचे ठिकाण म्हणजे तळटाकी.

तिची रचना अवघड नाही. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची उभी पट्टी चिकटवून अरुंद कप्पा करावयाचा. त्या पट्टीची वरची कड हाच आपला बांध. पाणी या बांधावरून कप्प्यात सांडते आणि तेथील नळाने तळटाकीत उतरते. तळटाकीत आडव्या-उभ्या काचांनी तीन खण पाडलेले असतात. पहिल्या खणात स्पंज वा लोकर घाण अडविते. दुसऱ्यात मातीच्या सच्छिद्र नळ्यांचे तुकडे असतात. ते परवडत नसतील तर साबण न लागलेल्या, भांडी घासण्याच्या नायलॉनच्या जाळ्या चालतात. जीवाणूंची वसती तेथे होते. तिसऱ्या खणातील पंप शुद्ध झालेले पाणी पुन्हा वर नेतो. पाणी तासाला चार-पाच वेळा तरी फिरले पाहिजे. मात्र पंपावर छापलेला आकडा हा पाणी मुळीच न चढविता मिळणारा असतो. चार फूट उंची चढताना तो बराच घटतो, हे खरेदी करतानाच ध्यानात घ्यावे. वरच्या काचेला भोक पाडावयाचे असेल तर ती काच कडक केलेली नाही याची खात्री करून घ्यावी. कडक केलेल्या काचेला भोक पाडू गेल्यास तिचा क्षणात चुरा होतो.

इतके सारे आम्ही वाचून-विचारून केले होते, आणि तरीही आमची फजिती झाली. ती येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काचीगुड्यातील आमच्या घरी १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच अशी टाकी आहे. तिच्याखाली ७५ सें.मी. लांब, ३५ रुंद आणि ३८ उंच अशी तळटाकी आम्ही स्वहस्ते जोडली. पहिले दोन दिवस सर्व काही दृष्ट लागण्यासारखे चालले. तिसऱ्या रात्री वीज गेली. पंप थांबला, पण पाणी थांबले नाही. पहाटे उठून पाहतो तो खोलीभर पाणी, आणि खालच्या फळीवरील पुस्तके भिजून फुगलेली! आम्ही पंपाला दोष देऊ लागलो, तेव्हा आमच्या मातोश्री पोछा पिळीत शांतपणे म्हणाल्या, "अरे, वरचं पाणी खाली येणारच की. त्याला जागा कुठं ठेवली होतीस?"

त्या प्रश्नाने आम्हांस कागद-पेन्सिल घ्यावयास लावले. हिशेब असा होता. पंप चालू असताना पाण्याची पातळी बांधाच्या कडेहून दीड सें.मी. वर असते. पंप थांबताच तेवढे पाणी खाली येणार. १२० गुणिले ४५ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ८ लिटर. कप्प्यातले आणि नळांतले मिळून आणखी ३ लिटर. एकूण झाले ११. तळटाकीत चालू पातळी २८ सें.मी. होती, म्हणजे वर १० सें.मी. मोकळे, अर्थात सुमारे २६ लिटरांची जागा. येथवर आमचे काही चुकले नव्हते. चूक होती ती परतीच्या नळात. त्याचे तोंड आम्ही बांधाच्या कडेहून ५ सें.मी. खाली, पाण्यात बुडवून ठेवले होते. पंप थांबताच त्याच नळातून पाणी वक्रनलिकेसारखे उलटे ओढले जाऊ लागले, आणि ते तोंड उघडे पडेपर्यंत आणखी २७ लिटर खाली उतरले. ११ आणि २७ मिळून ३८. जागा २६ लिटरांची. उरलेले १२ लिटर आमच्या पुस्तकांनी प्याले.

उपाय एका लहानशा भोकाचा निघाला. परतीच्या नळाला चालू पातळीच्या किंचित खाली, परंतु बांधाच्या कडेहून वर, एक भोक पाडले की पातळी तेथवर उतरताच नळात हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. पाणी एका दिशेनेच जाऊ देणारा व्हॉल्व्हही बाजारात मिळतो. पण त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. भोकदेखील शेवाळाने बुजते. ते दर महिन्यास काडीने साफ करावे. आणि तळटाकीच्या काचेवर एक ठळक रेघ ओढून घरातील सर्वांस बजावून ठेवावे की, उन्हाळ्यात आटलेले पाणी भरताना, पंप चालू असता, या रेघेपलीकडे भरावयाचे नाही. रेघेवरची रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. ती वीज जाईल त्या रात्रीसाठी राखलेली असते.

ही गोष्ट खरे म्हणजे हैदराबादकरांस कोणी शिकवावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने या शहराचा घास घेतला. हजारो माणसे बुडाली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेंच्या आसपास माणसे वाचली असे सांगतात. पुढल्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांची स्वयंचलित दारे बसली होती, तेव्हा मराठी मुलुखास हे नाव अपरिचित नव्हते. त्यांनी सुचविले ते असे की, शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधावेत, आणि त्यांत पुराचे पाणी तात्पुरते सामावून मग बेताबेताने सोडता येईल एवढी जागा राखावी. त्यातून १९२० साली मुसीवर उस्मानसागर, म्हणजे आपले गंडिपेट, आणि १९२७ साली ईसी नदीवर हिमायतसागर पूर्ण झाला. आमच्या तळटाकीतील १० सें.मी. रिकामी जागा आणि गंडिपेटात पुरासाठी राखलेली जागा यांत आकाराचा भेद आहे, तत्त्वाचा नाही. जेथे ही जागा माणसाच्या हावेने बुजविली जाते, तेथे काय होते हे २०२० च्या ऑक्टोबरात तलावांकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. खाली उतरणारा नळ पानाने वा गोगलगायीने तुंबला, तर पंप तळटाकीतले पाणी वर चढवीतच राहील. आमच्या पंपाच्या खणात पंपाला खेचता येण्याजोगे पाणी साडेदहा लिटर आहे. आणि वरच्या टाकीत चालू पातळीपासून काठापर्यंत ३ सें.मी., म्हणजे सुमारे १६ लिटरांची जागा आहे. म्हणून तेथे पुराचे भय नाही. तथापि आम्ही त्या कप्प्यात एक दुसरा, थोडा उंच नळही बसविला आहे. एरवी तो कोरडा असतो. पहिला तुंबला तरच त्याचे काम. विजेची खुंटी पाण्याच्या पातळीहून उंच असावी, पंपाची दोरी खुंटीकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन जावी, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. विद्यार्थिमित्रांनी यात हयगय मुळीच करू नये.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? काचेच्या गोल भरणीतही मासा जगतोच की! यावर आमचे उत्तर असे की, तो जगत नाही, मरावयास वेळ घेतो. सोनेरी मासा नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. भरणीत तो काही महिन्यांत जातो, आणि आपण 'त्याचे आयुष्यच तेवढे' म्हणून हात झटकतो. दुसरे म्हणतील, खर्च फार. लहान टाकीस तळटाकी लागतच नाही हे आम्ही मान्य करतो. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची साधी गाळणी तिला पुरते. परंतु चार फुटी टाकी, तीत रंगीत दिवे आणि नकली किल्ले घेण्याइतके पैसे ज्याच्यापाशी आहेत, त्याने गाळणीच्या वेळी गरिबी सांगू नये. तिसरे म्हणतील, न जमल्यास मासे तलावात सोडून देऊ. हे तर सर्वांत वाईट. टाकीची काच चाटतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील खवलेकवची मासा अशाच सोडण्याने आपल्या जलाशयांत पसरला आहे. येथल्याच सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पूर्व घाटातील पाण्यांत त्याचा माग लागला आहे. तो देशी माशांच्या अन्नावर आणि जागेवर आक्रमण करतो, कोळ्यांची जाळी फाडतो. आपला कंटाळा दुसऱ्याच्या पाण्यात सोडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

तळटाकी म्हणजे सर्व जबाबदारीतून सुटका, असेही कोणी समजू नये. नायट्रेट साचतेच, त्यासाठी दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना सारखेच घातक असते. म्हणून औषध घालून ते घालविल्याशिवाय पाणी टाकीत ओतू नये, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. नव्या तळटाकीत जीवाणूंची वसती पुरी व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधीत अगदी थोडा अमोनिया घालून पाणी फिरवीत राहावे, वरचेवर तपासावे, आणि मासे आणण्याचा मोह आवरावा. मुलांच्या दृष्टीने हा काळ कठीण असतो हे आम्ही जाणतो, आमच्या घरी रिकामी टाकी पाहून शेजारची मुले रोज विचारीत, "काका, मासे कुठे आहेत?" आम्ही सांगत असू, "त्यांचे घर अजून बांधून झालेले नाही."

शेवटी आमची एक सूचना आहे. शाळाशाळांतून भरणाऱ्या विज्ञान-प्रदर्शनांत माशांच्या टाक्या मांडल्या जातात, आणि सर्वांत रंगीबेरंगी मासे ज्या टाकीत, तिला बक्षीस मिळते. यापुढे परीक्षकांनी टाकीसमोर उभे न राहता खाली वाकून तळटाकी पाहावी, विद्यार्थ्याकडून लिटरांचा हिशेब मागावा, आणि मग स्वतःच्या हाताने विजेचे बटण बंद करावे. दहा मिनिटांनी जमीन कोरडी असेल, तर तो विद्यार्थी बक्षिसास पात्र आहे. घरी टाकी ठेवणाऱ्या पालकांनीही मासे आणण्यापूर्वी हीच परीक्षा तीन वेळा घ्यावी. आम्ही ती घेतली असती, तर आमची पुस्तके आज कोरडी असती.